हायड्रेंजिया फेकू नका, पावसात त्याच्या काड्या लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर-जानेवारीत ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या नर्सऱ्यांमध्ये हायड्रेंजियाच्या कुंड्या दिसायला लागतात, निळे गुलाबी भलेमोठे गुच्छ, किंमत तीन-चारशेच्या घरात, लोक वाढदिवसाला नाहीतर गृहप्रवेशाला द्यायला म्हणून हौसेने घेऊन जातात. आणि एप्रिल लागला की त्याच कुंड्या सोसायट्यांमध्ये कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलेल्या असतात, फूल वाळलेलं, पानं करपलेली, पण खोडाला नखाने जरा खरवडून बघितलं तर आत चक्क हिरवं. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, म्हणून हे पत्र. झाड मेलेलं नसतं हो. आणि त्या एका झाडापासून घरच्या घरी चार-पाच नवी झाडं होऊ शकतात, खर्च जवळजवळ शून्य, फक्त वेळ बरोबर साधायला लागते आणि घोळ नेमका तिथेच होतो.

घोळ असा की हायड्रेंजियाबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, पुरवण्यांमध्ये काय किंवा मोबाईलवर फिरणारं काय, ते बहुतेक सगळं थंड देशांतल्या माहितीवरून उचललेलं असतं. वसंतात कटिंग घ्या, बर्फापासून जपा, दिवसभर ऊन द्या वगैरे. आता ठाण्यातला वसंत म्हणजे मार्च-एप्रिल, पारा पस्तीसच्या पुढे, त्यात कोवळी काडी लावली तर ती दुपारपर्यंत मान टाकणारच. मग माणूस एक-दोनदा करून बघतो आणि ठरवून टाकतो की हे आपल्या हवेत होत नाही, उटी कोडाईकनाल दार्जिलिंगलाच शोभतं ते.

पण हे अर्धंच खरं आहे. आपण जो मोठ्या पानांचा, गोल गुच्छांचा हायड्रेंजिया विकत आणतो तो मूळचा जपानचा, आणि तिथेही समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्यातला. जपानमध्ये तो फुलतो जून-जुलैत, म्हणजे त्यांच्या पावसाळ्यात, तिकडे पावसाळ्याचं फूल म्हणूनच त्याची ओळख आहे, आणि नागासाकी या बंदराच्या शहराचं ते अधिकृत फूल आहे. युरोपात हे झाड पोचलं ते अठराव्या शतकाच्या शेवटी, आणि आपण वाचतो ते बरेचसे सल्ले तिकडच्या थंडीसाठी तयार झालेले. झाडाचा मूळ स्वभाव बघा ना, दमट हवा, सावली, पाऊस, पाणी न साचणारी पण ओलसर माती. यातलं काय आपल्याकडे नाही? जून ते सप्टेंबर ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्यापासून वाशी-नेरूळपर्यंत हे सगळं फुकट मिळतं. कमी पडते ती फुलायला लागणारी थंडी, त्याचं पुढे लिहिते, पण काडी रुजायला थंडी लागत नाही.

आपल्याकडे वेळ कोणती तर मृग बरसून हवा थंडावली की, आर्द्रा लागल्यापासून ते साधारण ऑगस्टअखेरपर्यंत. दुसरी वेळ नोव्हेंबर-डिसेंबरची, पण तेव्हा हवा कोरडी असल्यामुळे काडीवर झाकण ठेवावंच लागतं. मार्च ते मे अजिबात हात लावू नका, त्या तीन महिन्यांत फक्त मूळ झाड जगवायचं. फूल वाळलं की गुच्छ कापून टाका, कुंडी पश्चिमेच्या गॅलरीत असेल तर पूर्वेला आणा, सकाळचं कोवळं ऊन चालतं, अकरानंतरचं नाही. वर हिरवी नेट, कुंडीतल्या मातीवर वाळका पाला नाहीतर नारळाच्या शेंड्या पसरायच्या. आणि एक अगदी महत्त्वाचं, एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर कुंडी ठेवू नका, आपल्या ग्रिलमध्ये जागा तेवढीच असते म्हणून लोक ठेवतात आणि त्या गरम झोतात पानं दोन दिवसांत कागदासारखी होतात. उन्हाळ्यात या झाडाची मोठाली पानं दुपारी लुळी पडतात ते बघून घाबरून लगेच बादलीभर पाणी ओतायचं नाही. संध्याकाळी आपोआप उभी राहिली तर झाडाला काही झालेलं नाही. मातीत बोट घालून बघा, एक पेरभर कोरडं लागलं तरच पाणी.

आता काडी. ज्या फांदीला फूल किंवा कळी नाही अशी फांदी निवडायची, कारण कळी असलेली फांदी आपली सगळी ताकद फुलाकडे नेते. अशी फांदी मिळालीच नाही तर टोकाची कळी खुडून टाकायची. फांदी अगदी लुसलुशीत नको आणि तपकिरी लाकूड झालेलीही नको, हिरवी पण वाकवली तर कट्‌कन मोडेल अशी हवी, जाडी पेन्सिलीएवढी. सकाळी लवकर कापा, तेव्हा फांदीत पाणी भरलेलं असतं. ब्लेड नाहीतर कात्री आधी स्पिरिटने पुसून घ्या, भाजीची सुरी तशीच वापरू नका. चार-पाच इंच लांबी पुरे, आणि कापायचं ते पानांची जोडी जिथून फुटते त्या डोळ्याच्या जरासं खाली, कारण मुळं सगळ्यात लवकर तिथूनच फुटतात.

खालची पानं काढून टाकायची, वरची एक जोडी ठेवायची आणि ती पानं मोठी असतील तर कात्रीने आडवी अर्धी कापायची. आमच्या मजल्यावरच्या काकूंना मी हे करून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, चांगली पानं कशाला कापतेस, झाडाला लागेल ना." मी म्हटलं, "काकू, मूळ नाही म्हणजे पाणी ओढायला काही नाही, आणि एवढं मोठं पान तर दिवसभर पाणी उडवत बसणार, मग काडी सुकणार नाही का?" त्यांना पटलं, आणि आता त्याच सगळ्यांना अर्धं पान कापायला सांगतात. हे अर्ध्या पानाचं काम बहुतेक लोक करत नाहीत आणि मग काडी का सुकली ते त्यांना कळत नाही.

माती वापरायचीच नाही. निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि निम्मी जाडसर रेती किंवा परलाइट, म्हणजे नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे, बस. कोकोपीट पाण्यात भिजवून दोन-तीन वेळा पिळून घ्या, त्यात कधीकधी मीठ असतं. रेतीचं तर मी मुद्दाम सांगते कारण ठाण्यात बांधकामाच्या जागी पडलेली रेती उचलून आणायची सवय लोकांना आहे, ती खाडीची असेल तर खारट असते आणि काडी जळते, तेव्हा नदीची रेती घ्या आणि तीही धुऊन. शेणखत, गांडूळखत, स्वयंपाकघरातलं कंपोस्ट यातलं काहीही या टप्प्यावर घालू नका, खत हे मुळं असलेल्या झाडाला, बिनमुळाच्या काडीला खत दिलं तर ती खालून काळी पडून कुजते. रूटिंग हार्मोनची, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारी, पावडर नर्सरीत मिळते, असेल तर काडीचं टोक त्यात बुडवून झटकून घ्या, नसेल तरी अडत नाही. मध, कोरफड, दालचिनी असं बरंच काही लावायला सांगतात पण हायड्रेंजिया मुळातच सहज रुजणाऱ्या झाडांपैकी आहे, त्याला एवढे सोपस्कार लागत नाहीत.

भांडं म्हणाल तर दह्याचे कप, श्रीखंडाचे डबे, खाली भोकं पाडून. शक्यतो पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास घ्या असं मी सांगीन, कारण त्यात जे बघायला मिळतं ते फार सुंदर असतं. पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात काहीच दिसत नाही, मग कापलेल्या टोकाला पांढुरक्या बारीक गाठी येतात, फोडासारख्या दिसतात, लोकांना वाटतं बुरशी लागली आणि काडी उपटून टाकतात. ती बुरशी नसते, जखम भरून आलेली असते, आणि त्यानंतर त्याच्या आसपासून आणि डोळ्यापासून पांढरी दोऱ्याएवढी मुळं बाहेर येतात, एक आलं की मग भराभर, आणि ग्लासच्या कडेला टेकली की वळून खाली जातात. लहान मुलांना दाखवा हे, शाळेच्या पुस्तकातल्या चित्रापेक्षा दहा पट चांगलं कळतं त्यांना.

ग्लास उजेडात ठेवायचा, उन्हात नाही, आणि पावसाच्या झोतातही नाही. पावसाळ्यात झाकणाची तशी गरज नसते, पण तुमच्या घरात पंखा सारखा चालू असेल किंवा मध्येच आठ दिवस उघडीप पडली तर पाण्याची बाटली मधोमध कापून वरचा भाग तोंड वर ठेवून काडीवर टोपीसारखा घाला, बाटलीचं बूच काढून ठेवा म्हणजे हवा खेळती राहील. श्रावणात मात्र लक्ष ठेवा, क्षणात येते सरसर असं आपण म्हणतो खरं पण त्या मधल्या उन्हाचा चटका नवीन काडीला सोसत नाही. तीन ते चार आठवड्यांनी काडी अगदी हलक्या हाताने ओढून बघा, अडकल्यासारखी वाटली तर तिने जीव धरला. नुसती वर नवीन पालवी दिसली म्हणून खूश होऊन कुंडीत लावू नका, साठवलेल्या ताकदीवर पालवी आधी येते आणि मुळं नंतर, असंही होतं.

काही जण काडी पाण्याच्या ग्लासात ठेवतात, तशीही मुळं येतात, पण ती मुळं ठिसूळ असतात आणि मातीत गेल्यावर परत सवय करून घ्यायला वेळ घेतात. आणि इथे एक काळजीची गोष्ट, पावसाळ्यात डेंग्यूचे डास याच अशा साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. महापालिकेचे लोक घरोघरी तपासणीला येतात तेव्हा कुंडीखालच्या ताटल्या आधी बघतात ते उगाच नाही. काडी पाण्यात ठेवलीच तर पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण बदला आणि ताटल्यांमध्ये पाणी राहू देऊ नका. झाडं लावणाऱ्यांमुळे सोसायटीत डास झाले असं कुणी म्हणायला नको, आधीच गॅलरीतल्या कुंड्यांवरून खालच्या मजल्याशी वाद चालू असतात.

ज्यांना यातलं काहीच करायचा धीर नाही त्यांनी दाब कलम करावं, आपल्या कोकणात मोगऱ्याला वगैरे करतात तसंच. झाडाची खालची लांब फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबायची, जिथे मातीत जाईल तिथली साल खालच्या बाजूने जराशी खरवडायची, वर एक दगड ठेवायचा आणि टोक बाहेर उभं राहू द्यायचं. फांदी आईच्या झाडाला जोडलेलीच असते त्यामुळे सुकायचा प्रश्न नाही. पावसाच्या सुरुवातीला दाबलं तर नवरात्रापर्यंत बहुतेक वेळा वेगळं करता येतं. फक्त यात एका वेळी झाडं कमी मिळतात.

मुळं धरली की सहा इंची कुंडीत लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट असं मिश्रण करून लावा. गोगलगायी येतात पावसात, रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात, आणि पानांखाली मिलीबग या किडीचा पांढरा कापूस दिसला तर कडुनिंबाच्या तेलाचा फवारा. बाकी पहिल्या ऑक्टोबरच्या उन्हात जपा.

रंगाबद्दल लोक मला नेहमी विचारतात की निळ्याची काडी लावली तर गुलाबी फूल का आलं, नर्सरीवाल्याने फसवलं का. नाही हो, एकाच झाडाच्या दोन काड्या दोन वेगळ्या मातींत निळ्या आणि गुलाबी होऊ शकतात. मातीतलं अॅल्युमिनियम झाडाला घेता आलं तर फूल निळं, नाही घेता आलं तर गुलाबी, आणि ते घेता येतं आम्लधर्मी मातीत, म्हणजे पीएच, मातीचा आम्लपणा मोजायचा आकडा, साधारण साडेपाचच्या खाली. साडेसहाच्या वर गेलं की गुलाबी, मध्ये असेल तर जांभळट काहीतरी. आपल्या कोकणची जांभ्याची लाल माती आम्लधर्मी आणि जांभ्यात अॅल्युमिनियम भरपूर, म्हणजे निळ्यासाठी ती चांगलीच म्हणायची, पण आपण ती सिमेंटच्या कुंडीत भरतो आणि सिमेंटमधला चुना हळूहळू मातीत उतरून पीएच वर नेतो. निळं हवं असेल तर मातीची किंवा प्लास्टिकची कुंडी घ्या, हाडांचा चुरा आणि डीएपी हे रासायनिक खत टाळा कारण फॉस्फरस अॅल्युमिनियमला धरून ठेवतो, आणि मोठ्या झाडाला कधीतरी पाण्यात चिमूटभर तुरटी विरघळवून द्या. तुरटीत अॅल्युमिनियम असतंच. नव्या काडीला तुरटी नको, कोवळी मुळं भाजतात. पांढऱ्या जातीचा रंग मात्र काही केलं तरी निळा होत नाही, तिथे तुरटी वाया.

आता फुलांचं. मी इथे कुणाला खोटी आशा लावणार नाही. या झाडाला कळी धरायला काही आठवडे रात्री थंड लागतात, साधारण अठरा अंशांच्या खाली, आणि आपल्याकडे तशा रात्री डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, त्याही सलग मिळतील असं नाही. म्हणून नर्सरीतला तो भरगच्च गुच्छ घरच्या झाडाला दरवर्षी येईलच असं नाही, येतो तो लहान येतो, एखाद्या वर्षी येतच नाही. पण जे येऊ शकतं तेही आपण आपल्या हाताने घालवतो. या झाडाची कळी जुन्या फांदीच्या टोकाला धरते, आणि सोसायटीचे माळी दिवाळीच्या आधी सगळं कसं नीटनेटकं दिसावं म्हणून सरसकट छाटणी करतात, की गेली त्या वर्षीची फुलं. हायड्रेंजियाची छाटणी फूल सरल्यावर लगेच, किंवा फार तर जून-जुलैत काड्या घेताना. त्यानंतर, ज्या झाडाला फुलं हवी आहेत त्याला कात्री लावू नका, आणि थंडीत कुंडी रात्री उघड्यावर ठेवा, काचेच्या बंद गॅलरीत नको. येऊरकडच्या बाजूला राहणाऱ्यांना, किंवा खारघर-बेलापूरला डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना याचा जास्त फायदा होईल. आणि फूल नाही आलं तरी पावसाळ्यातली ती गडद, दातेरी, तळहाताएवढी पानं मला स्वतःला फार आवडतात, सावलीच्या गॅलरीत एवढं भरगच्च वाढणारं दुसरं झाड शोधून दाखवा. घरात रांगतं मूल किंवा मांजर-कुत्रं असेल तर कुंडी उंच ठेवा एवढंच, कारण या झाडाची पानं, कळ्या, फुलं पोटात गेली तर विषारी असतात.

संपादक महोदय, आपल्याकडून दोन गोष्टींची विनंती आहे. एक, बागकामाचा मजकूर छापताना तो कोकणपट्टीच्या हवेप्रमाणे तपासून घ्या. ठाणे, नवी मुंबई, रायगडच्या वाचकाला वसंत आणि बर्फ नकोय, त्याला मृग, आर्द्रा, श्रावण, ऑक्टोबर हीट या भाषेत सांगा की कुठली काडी कधी लावायची. हायड्रेंजियाच कशाला, जास्वंद, तगर, अनंत, कृष्णकमळ, सगळ्यांचं असं एक साधं वेळापत्रक मेअखेरीस छापलंत तर लोक ते कापून फ्रीजवर लावतील. आणि दुसरी विनंती आपल्या मार्फत ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या उद्यान विभागांना. हिवाळ्यात झाडाफुलांची प्रदर्शनं भरतात, गर्दी होते, लोक झाडं विकत घेऊन जातात, चांगलंच आहे. पण जूनच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या उद्यानात, उपवनला घ्या नाहीतर नेरूळला घ्या, एक टेबल टाकून काड्यांची देवाणघेवाण ठेवता येईल का? प्रत्येकाने आपल्या घरच्या झाडाच्या चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणायच्या, वर नाव लिहायचं आणि दुसऱ्या कुणाच्या चार घेऊन जायच्या. पालिकेचा एखादा अनुभवी माळी तिथे बसून काडी कशी कापायची ते दाखवील, मांडव लागला तर पावसापुरता, बाकी खर्च काहीच नाही. पावसाळ्यापूर्वी उद्यानांमध्ये जी छाटणी होते तिच्यातल्या चांगल्या काड्यासुद्धा डंपरमध्ये टाकण्याऐवजी तिथे ठेवता येतील.

सोसायट्यांच्या कमिट्यांना एवढंच सांगते की एप्रिलमध्ये कुणी हायड्रेंजियाची कुंडी खाली आणून ठेवली तर ती कचऱ्यात जाऊ देऊ नका, जिन्याखाली नाहीतर पार्किंगच्या सावलीत जिथे थोडा उजेड येतो तिथे ठेवा, वॉचमनला दोन दिवसांनी एकदा पाणी घालायला सांगा आणि जूनपर्यंत थांबा. त्याच्या काड्या मागायला मी स्वतः येईन आणि लावून देईन.

आपली,
एक वाचक
वसंत विहार, ठाणे (प.)